कॉमिक्सचे परीक्षण कसे लिहावे

परीक्षण लिहायला बसण्यापूर्वी कॉमिक्स दोनदा वाचावे, आणि ही दोन वाचने एकाच बैठकीत उरकू नयेत. पहिल्या वेळी हातात पेन घेऊ नये; शाळेला सुटी असताना सोलापूरच्या मे महिन्यातील दुपारी, खिडक्या लावून, पंख्याखाली आडवे पडून आपण जसे वाचत असू तसेच वाचावे. दुसऱ्या वेळी मात्र संवादांचे फुगे बोटाने झाकून केवळ चित्रे पाहत जावे. फुगे झाकल्यावरही गोष्ट बऱ्याच अंशी कळत असेल, तर चित्रकाराने आपले काम केले आहे; पात्र दार उघडताना दिसत असूनही वरच्या पट्टीत ‘त्याने दार उघडले’ असे लिहिलेले आढळले, तर लेखकाचा चित्रकारावर विश्वास नव्हता असे खुशाल नोंदवावे.

या दुसऱ्या वाचनात चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, एका चौकटीत अंतराळयात्रीचा हात यानाच्या दाराच्या मुठीवर आहे आणि पुढच्या चौकटीत तेच दार सताड उघडे असून आत कोणीही नाही. मधे काय घडले ते कोणी काढलेले नाही. ते वाचकाने बोटभर रुंदीच्या त्या पट्टीत स्वतः घडवून घेतले. कॉमिक्सची खरी गंमत याच जागी असते, आणि कथानकाचा सारांश देऊन थांबणाऱ्या परीक्षणातून नेमकी हीच जागा निसटते. म्हणून एक पान निवडून त्याविषयी चार-पाच वाक्ये अवश्य लिहावीत: चौकटी किती आहेत, कोणती रुंद आहे, नजर कोठे थांबते आणि का.

अंक कोणत्या स्वरूपात वाचला हे सांगणे बंधनकारक मानावे. मी एकदा मोबाइलवर वाचून एका अंकातील युद्धप्रसंग तुटक असल्याचा शेरा मारला होता. पुढे छापील प्रत हाती आली तेव्हा कळले, की ते समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले एकच चित्र होते आणि पडद्याने त्याचे दोन तुकडे केले होते. जुना अंक रद्दीतून मिळवला असेल, तर आधी पाने मोजावीत, कारण पिना सैल झाल्या की मधली चार पाने सर्वांत आधी गळतात आणि दोष उगीच लेखकाच्या माथी येतो.

अनुवादित कॉमिक्सच्या बाबतीत सोलापूरच्या वाचकाचा कान मुळातच तयार असतो. घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी असा दिनक्रम असलेल्या माणसाला परकी वाक्यरचना लगेच खटकते, आणि त्या खटकण्याचा परीक्षणात उपयोग करून घ्यावा. ‘माझ्याकडे तुझ्यासाठी एक वाईट बातमी आहे’ असे पात्र म्हणत असेल, तर ते मराठी अक्षरांत इंग्रजीच बोलत आहे. अक्षरांकडेही पाहावे. इंग्रजी मजकुरासाठी काढलेल्या फुग्यात देवनागरी बसवताना वरच्या-खालच्या मात्रांना जागा पुरत नाही. मग अक्षर बारीक होते किंवा वाक्य छाटले जाते. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने मराठी वाचकाला ‘फँटम’ऐवजी ‘वेताळ’ दिला. अनुवादकाने नावाचा असा विचार केलेला असेल, तर त्याचे श्रेय नाव घेऊन द्यावे. लेखक, चित्रकार, शाई चढवणारा, रंग भरणारा आणि अक्षरे लिहिणारा हे पुष्कळदा पाच वेगळे लोक असतात, हेही ध्यानात ठेवावे.

विज्ञानकथा असेल, तर एक सवलत द्यावी आणि बाकीचा हिशोब कडकपणे तपासावा. लेखकाने प्रकाशापेक्षा वेगवान यान मागितले तर ते देऊन टाकावे. पण त्याच कथेतला मंगळावरचा माणूस पृथ्वीशी फोनवर बोलल्यासारखा बोलत असेल, तर विचारावे. दोन ग्रहांतील अंतरानुसार संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे प्रश्नाचे उत्तर यायला पाऊण तासही जाऊ शकतो. चांगला लेखक या विलंबातूनच ताण निर्माण करतो. नावाच्या दबावाखाली मात्र येऊ नये. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांनी कथा पाहून बक्षीस दिले. मुखपृष्ठावरचे नाव झाकून आपले मत तसेच राहते का, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.

परीक्षणासोबत बातमी द्यायची असेल, तर तारखा जपाव्यात. मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना असतोच असे नाही. सुपरमॅन ज्यात प्रथम आला त्या अंकावर जून १९३८ छापलेले आहे, पण तो एप्रिलमध्येच विक्रीस आला होता. जुलैत अमेरिकेतील सॅन डिएगोच्या कॉमिक्स संमेलनात शनिवारी सायंकाळी साडेपाचला झालेली घोषणा आपल्याकडे रविवारी सकाळी सहाला पोहोचते, म्हणून ‘काल’, ‘आज’ न लिहिता वार आणि तारीख लिहावी. घोषणा कोणी केली हे सांगता येत नसेल, तर ती अफवाच समजून बाजूला ठेवावी. चित्रपटाविषयी लिहिताना हिंदी, तेलुगू की मूळ इंग्रजी आवृत्ती पाहिली, हे पहिल्याच परिच्छेदात यावे, कारण डबिंगमध्ये विनोद बदलतात आणि कधी कधी खलनायकाचा रुबाबही.

शेवटचे गुपित फोडायचे नाही, हे सर्वांना माहीत असते. पण ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असे लिहिणेही अर्धे गुपित फोडणेच होय. पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचे कथानक सांगू नये. मजकूर पाठवण्यापूर्वी पात्रांची नावे एकाच पद्धतीने लिहिली आहेत का ते पाहावे, आणि अंकाचा क्रमांक, पृष्ठसंख्या व किंमत प्रतीवरून पुन्हा ताडून घ्यावी. आठवणीतून लिहिलेली किंमत माझ्याकडून तरी नेहमी चुकते.