ओलं कुठं हवं, कोरडं कुठं: ठसे, रंग आणि एम्बॉसिंग पावडरीचा माझा अनुभव

बेळगावच्या शहापूरला आमच्या घरात हातमाग होता. आजोबा विणायचे, आजी कांड्या भरायची. पावसाळा लागला की घरात बोलणं एकाच गोष्टीचं: खळ वाळत नाही. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावलेली खळ ओली राहिली तर धागे एकमेकांना चिकटतात, फार कडक वाळली तर तुटतात. तेव्हा मी लहान होते, ते बोलणं कानावरून जायचं. पुढे कागदावर ठसे उमटवायचं, रंगाचे थर चढवायचं आणि त्यावर एम्बॉसिंग पावडर वितळवायचं काम हातात घेतलं, तेव्हा आजोबांचाच प्रश्न माझ्यापुढे आला.

आठ वर्षं हे काम करतेय. शुभेच्छापत्रं, बारशाची निमंत्रणं, हळदी-कुंकवाला द्यायची पाकिटं, वह्यांची मुखपृष्ठं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवतेही. खानापूर, निपाणीकडच्या मुली विचारतात, ‘ताई, सुरुवात कशानं करायची?’ बहुतेकींनी व्हिडिओ बघून आधीच दहा-बारा रंगांच्या पावडरी मागवलेल्या असतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पावडर म्हणजे काय ते समजून घ्या. ती रंगाची भुकटी नाही. उष्णतेनं वितळणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या राळेचे ते बारीक कण आहेत. ठशाला हळू वाळणारी शाई लावून ठसा उमटवायचा, शाई ओली असतानाच त्यावर पावडर टाकायची, जास्तीची झटकून परत डबीत भरायची आणि उरलेल्याला गरम हवा द्यायची. कण वितळून एकजीव होतात आणि गार झाले की उठावदार, चकचकीत रेघ तयार होते. कृती एवढीच. पण यात शाई ओली हवी आणि तिच्या भोवतीचा कागद पूर्ण कोरडा हवा. दोन्हीपैकी एक बिघडलं की काम बिघडलं.

वितळतानाचा तो क्षण जवळून बघायला शिका. झटकल्यावर पावडर बारीक पिठीसाखरेसारखी दिसते, निस्तेज आणि खरखरीत. हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र, चारेक बोटं वर धरली की काही सेकंद काहीच घडत नाही, आणि नवीन माणूस इथंच घाई करतो. मग एका कोपऱ्यात कण ओले झाल्यासारखे दिसतात आणि चमक त्या रेघेवरून सरकत पुढं जाते. चमक जिथं पोचली तिथून गन लगेच पुढं न्यायची. तिथंच थांबलात तर उठाव बसतो, पावडर कागदात मुरते आणि रेघेच्या कडेला तेलकट डाग दिसतो. तो डाग परत जात नाही. पातळ कागद असेल तर मी खालून गरम करते, म्हणजे पावडर उडतही नाही.

हेअर ड्रायरनं हे होत नाही. त्याची हवा जोरात आणि कमी गरम असते, म्हणून पावडर वितळण्याआधीच उडून जाते. मी पैसे वाचवायला हार्डवेअरच्या दुकानातून रंग खरवडायची गन आणली होती. पहिल्याच कागदाला तपकिरी भोक पडलं. आई दारातून म्हणाली, ‘किती वेळ फुंकालीस ग ते? जळालंय बघ की!’ कागदकामाची लहान हीट गन वेगळी मिळते, तिची हवा मंद असते. सगळ्या सामानात पहिला खर्च तिच्यावर करा. खिडकी उघडी ठेवून काम करा, कारण वितळताना वास येतो, आणि पावडर ओतताना मास्क लावा. गनची नळी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. आमच्याकडे ती गार होईपर्यंत फरशीच्या तुकड्यावर आडवी ठेवतात आणि लहान मुलं खोलीत नसतात.

शाईत गल्लत होते ती अशी. बाजारात मिळणारी बहुतेक स्टँप पॅडं डाय इंकची असतात. ती शाई कागदात लगेच मुरते, पावडरीला धरायला काही उरत नाही. एम्बॉसिंगसाठी हळू वाळणारी पिगमेंट इंक किंवा खास बिनरंगी, चिकट एम्बॉसिंग इंक लागते, व्हर्सामार्कसारखी. काच, प्लॅस्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागावर साधा ठसा उमटवायचा तर स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई वापरा, पण तिच्यावर पावडरीचा भरवसा धरू नका, ती फार लवकर वाळते.

आता जुलैची गोष्ट सांगते. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चार-चार दिवस ऊन दिसत नाही, भिंतीला हात लावला तर ओलसर लागतो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास यायला लागतो. अशा दिवसांत मी साठ बारशाच्या निमंत्रणांचं काम घेतलं. सोनेरी पावडर, गडद हिरवा हँडमेड पेपर. पहिला ठसा छान उमटला, पावडर झटकली आणि बघते तर सगळ्या कागदावर सोनेरी धूळ. गरम केल्यावर ती धूळही वितळली आणि कागदाला पुरळ आल्यासारखं झालं. मी शाई बदलली, डबी बदलली, ठसा धुऊन पुसला. बावीस कागद वाया गेल्यावर कळलं की दोष कागदाचा होता. हँडमेड पेपर हवेतला ओलावा शोषून घेतो आणि त्या ओलाव्याला पावडर चिकटते.

त्यानंतर मी तीन गोष्टी धरल्या. पावसाळ्यात कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचा. ठसा मारण्यापूर्वी कागदाला दोन-तीन सेकंद गरम हवा देऊन गार होऊ द्यायचा. आणि मलमलच्या दुहेरी फडक्यात कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं, बारीक पीठ) बांधून केलेली पुरचुंडी कागदावरून हलक्या हातानं फिरवायची. त्या पिठानं ओलावाही टिपला जातो आणि हिवाळ्यात कोरड्या हवेत घर्षणानं जी पावडर चिकटते तीही चिकटत नाही. पुरचुंडी फिरवायची ती ठशाच्या आधी. नंतर फिरवली तर शाईवरच पीठ बसतं. तरी एखादा कण राहिलाच तर गरम करण्यापूर्वी कोरड्या बारीक ब्रशनं उचला. एकदा वितळला की तो तिथला झाला.

रंगांच्या थरांचं गणितही हेच आहे. मी तीनशे जीएसएमच्या, म्हणजे जाड, कागदावर आधी जेसो लावते. जेसोत पांढरा रंग, चुनखडीची भुकटी आणि अ‍ॅक्रिलिकचा बंध असतो. त्यानं रंग कागदात शोषला जात नाही आणि पृष्ठभागाला जरा खरबरीतपणा येतो. त्यावर अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर, हवं तर स्टेन्सिल (नक्षी कापलेला साचा) ठेवून मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे उठाव देणारा घट्ट लेप. मग थांबायचं. पेस्ट वरून वाळलेली दिसते, आत ओली असते. अशा पेस्टला गन दाखवली तर ती फुगते, बुडबुडे येतात. मी रात्रभर ठेवते, पावसाळ्यात दोन रात्री. बोटाच्या उलट्या बाजूनं हात लावून बघायचा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

पूर्ण वाळलेल्या या थरावर ठसा आणि पावडर. एम्बॉसिंग झाल्यावर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट करते: गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक पाणी घालून पातळ करायचा, सगळ्यावरून फासायचा आणि मिनिटभरात ओल्या फडक्यानं पुसून काढायचा. उठाव आलेल्या रेघांवरून रंग निघून जातो, खाचांमध्ये राहतो. देवघरातल्या जुन्या समईच्या नक्षीत जशी काळसर छटा बसते, तसं काम दिसायला लागतं. पांढऱ्या कागदावर बिनरंगी पावडर वितळवून वरून जलरंग दिला तरी असाच चमत्कार होतो. रेघ रंग घेत नाही, पांढरी राहते. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. एक बिनरंगी पावडर, एक ठसा आणि शाळेतले जलरंग एवढ्यावर महिनाभर शिकता येतं. दहा रंगांच्या पावडरी नंतर घ्या.

ठसे विकतच घ्यायचे असं नाही. माझा पहिला ठसा मी खोडरबरावर कोरला, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं कमळ. ही बस्ती इसवी सन 1204 ची. मंडपात उभं राहून मान वर केली की छतावर दगडात कोरलेलं उमलतं कमळ दिसतं. लहानपणापासून पाहिलेलं. पण ठशासाठी वही घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की पाकळ्या दिसतात त्या पाकळीच्या रेघेमुळं नाही, दोन पाकळ्यांमध्ये साठलेल्या अंधारामुळं. ठशातही असंच असतं: तुम्ही जे कोरून काढता ते छापलं जात नाही, जे ठेवता तेच उमटतं. त्या दिवशी काढलेल्या चित्रातल्या निम्म्या रेघा मी पुसल्या.

अक्षरांचा ठसा करताना चित्र उलटं हवं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सरळ लिहा, तो कागद पालथा करून रबरावर ठेवा आणि नखानं घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. आमच्याकडे एकाच पत्रिकेवर मराठी आणि कन्नड दोन्ही हवं असं सांगणारी घरं खूप. सून धारवाडकडची, सासर वडगावचं, मग दोन्ही आज्यांना वाचता आलं पाहिजे. त्यामुळं दोन्ही लिप्या कोराव्या लागतात, आणि दोन्हींना हात वेगळा लागतो. देवनागरीत शिरोरेषा आधी पट्टी लावून सरळ कापून घ्यावी आणि मग तिला लोंबणारी अक्षरं कोरावीत, नाहीतर ओळ तिरकी होते. कन्नड अक्षरं गोल. तिथं चाकू वळवायचा नाही, चाकू एका जागी धरून रबर फिरवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, कन्नड ‘ಶ’चे (म्हणजे ‘श’चे) चार ठसे तुटल्यावर कळलं.

कोर्टाच्या आसपास वकिलांचे, कार्यालयांचे शिक्के करून देणारी दुकानं असतात. तिथं स्वतःचं चित्र देऊन रबरी ठसा करून घेता येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदार काका चित्र बघून म्हणाले, ‘सही-शिक्का नव्हे हे? फुलाचा शिक्का कशाला ओ?’ पण ठसा त्यांनी फार सुबक करून दिला. त्यांना एकच सांगा की रेघा फार बारीक ठेवू नका. केसाएवढ्या रेघेवर सोनेरी पावडर पसरट होते. तशी रेघ हवीच असेल तर अतिबारीक कणांची पावडर घ्या. जाड कणांची पावडर मोठ्या, भरीव आकारांसाठी. आणि अ‍ॅक्रिलिक रंग लावलेला ठसा तिथल्या तिथं धुवा, जुना टूथब्रश जवळ ठेवा. खाचेत वाळलेला अ‍ॅक्रिलिक म्हणजे ठशाचा शेवट. पारदर्शक ठसे उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. सुरुवातीला मी फक्त सामानाचा आणि हातानं काम केलेल्या तासांचा हिशोब लावायची. वाळण्यात गेलेली रात्र, वाया गेलेले कागद आणि नमुना दाखवून परत केलेलं काम यात धरलंच नव्हतं. वर्षअखेर हातात जवळपास काही उरलं नाही. आता शंभर पाकिटांच्या कामात पंधरा कागद जास्तीचे धरते, निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि जून ते सप्टेंबर तारीख देताना दुप्पट दिवस सांगते. ‘एवढे दिवस?’ असं विचारणारं गिऱ्हाईक असतं. मी त्यांना कागद हातात देते आणि ओलसर लागतोय का बघा म्हणते. बहुतेकजण समजून घेतात, काही निघून जातात. त्यांना जाऊ द्यावं. ओल्या कागदावर केलेलं काम माझ्या नावानं बाहेर जाणं मला परवडत नाही.

राखीपौर्णिमेच्या आधी माझ्याकडे सैनिकांना पाठवायच्या पाकिटांची कामं येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, आणि गावागावातली मुलं फौजेत आहेत. ही पाकिटं टपालानं लांब जातात. त्यामुळं एम्बॉसिंग घडीवर कधीच येऊ द्यायचं नाही, वाकवलं की थर तडकतो. जाड थर तर हमखास. नक्षी मधोमध किंवा एका कोपऱ्यात, आणि सजवलेलं पाकीट दुसऱ्या साध्या, मोठ्या पाकिटात. गेल्या वर्षी येळ्ळूरच्या एका बहिणीनं भावाचं उत्तर मला दाखवायला आणलं. पाकीट पोचलं होतं, कमळ शाबूत होतं, आणि त्यानं ते बंकच्या (झोपायच्या जागेच्या) वर चिकटवलंय असं लिहिलं होतं.

प्रत्येक नमुन्याचा तुकडा वहीत चिकटवा आणि खाली लिहा: कागद कोणता, शाई कोणती, पावडर कोणती, किती रात्री वाळवलं, बाहेर पाऊस होता का. तारीखही घाला. माझ्या अशा चार वह्या झाल्यात, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी त्यातली जुलैची पानं उघडून देते.