फ्लिप्ड क्लासरूम सुरू करताय? या चुका टाळा

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथील शाळेत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स यांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ व्हिडिओवर चित्रित करण्यास सुरुवात केली, ती गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये एवढ्याच हेतूने. विद्यार्थ्याला शिक्षकाची सर्वांत जास्त गरज उदाहरण अडते तेव्हा भासते आणि नेमका त्या वेळी तो घरी एकटा असतो, हे त्यांच्या लक्षात आले ते नंतर. त्यातून स्पष्टीकरण घरी आणि सराव वर्गात, अशी अदलाबदल झाली; हीच फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटविलेल्या वर्गाची पद्धत. आपल्याकडे मात्र ही पद्धत स्वीकारणारे अनेक शिक्षक सगळी शक्ती व्हिडिओवर खर्च करतात आणि मोकळ्या झालेल्या तासिकेत काय करायचे, हा प्रश्न आयत्या वेळेवर सोडतात. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

टाचण व्हिडिओपासून सुरू करणे

घटक निवडला की प्रथम त्यावरचा व्हिडिओ शोधायचा किंवा तयार करायचा, हा क्रम उलटा आहे. आधी तासिकेचे टाचण (त्या तासिकेत काय करायचे, याची लेखी योजना) काढावे आणि त्या तासिकेसाठी विद्यार्थ्याला घरून किमान काय समजून यावे लागेल, तेवढेच व्हिडिओत ठेवावे. इयत्ता दहावीच्या विज्ञानातील भिंगांचे प्रकरण घेऊ. बहिर्वक्र भिंगातून किरण कसे जातात आणि कार्टेशिअन चिन्ह संकेत (कोणते अंतर धन आणि कोणते ऋण मानायचे, याचा नियम) कोणता, एवढे घरी पाहून यायला पुरेसे आहे. वर्गात मग खिडकीसमोरच्या भिंतीवर भिंगाने खिडकीची उलटी प्रतिमा पाडून दाखवावी आणि विचारावे, की भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर काय दिसेल. अर्धी प्रतिमा नाहीशी होईल, असे बरेच विद्यार्थी ठामपणे सांगतात. कागद लावल्यावर प्रतिमा पूर्णच राहते, फक्त फिकट होते. हे असे का घडते, याचा खुलासा विद्यार्थ्यांनी किरणाकृती काढून एकमेकांना द्यावा, यासाठीच तर तासिका मोकळी केलेली असते. ज्या घटकासाठी असे एखादेही काम सुचत नाही, तो घटक या पद्धतीने घेण्याचा आग्रह धरू नये.

न पाहिलेल्यांसाठी पुन्हा सगळे शिकविणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि ती चांगुलपणातून होते. तासिका सुरू होते, शिक्षक विचारतात, ‘व्हिडिओ कोणी कोणी पाहिला?’, निम्मे हात वर जातात आणि उरलेल्यांची कीव येऊन शिक्षक खडू उचलतात. त्या दिवशी न पाहणाऱ्यांचे काहीच बिघडत नाही आणि पाहून आलेल्यांना आपला वेळ फुकट गेला, असे वाटते. असे दोन-तीनदा झाले की पाहून येणाऱ्यांची संख्या आपोआप घटते आणि ‘आपल्या मुलांना ही पद्धत मानवत नाही’ असा निष्कर्ष शिक्षक कक्षात निघतो. मुलांनी खरे तर व्यवहारचातुर्य दाखविलेले असते.

उपाय शिक्षेचा नाही. वर्गाच्या कोपऱ्यात एक संगणक, टॅब किंवा निदान पाठ्यपुस्तकाचे ते पान आणि छापील टिपण ठेवावे. जो पाहून आला नाही, त्याने पहिली आठ-दहा मिनिटे तेथे बसून ते पूर्ण करावे आणि मग गटात यावे. उरलेला वर्ग ठरल्या वेळी कामाला लागलाच पाहिजे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात गर्दी होईल, ती होऊ द्यावी. मात्र कोपऱ्यात बसणे म्हणजे अपमान, असे वातावरण होऊ देऊ नये, कारण त्यातील काहींची अडचण आळसाची नसते.

कोणी पाहिले, हे विचारूही नये, कारण हात वर करणे सोपे असते. त्याऐवजी दारातून आत येताच वहीत सोडवायचे एक छोटे उदाहरण फळ्यावर असावे. भिंगाचे नाभीय अंतर २० सेमी आणि वस्तू ३० सेमी अंतरावर असेल, तर प्रतिमा कोठे मिळेल? बाकांमधून फिरताना एखाद्या वहीत ६० सेमी दिसले, तर तो विद्यार्थी पुढे जाण्यास तयार आहे. १२ सेमी दिसले, तर त्याने सूत्र बरोबर घेतले, पण वस्तूचे अंतर ऋण घेतले नाही, हे एका नजरेत कळते. वही कोरी असेल तर कोपरा. पाच मिनिटांत वर्गाचे तीन गट डोळ्यांसमोर येतात आणि आपण कोणापाशी थांबायचे, ते ठरते.

लांब व्हिडिओ, रिकामी वही

चाळीस मिनिटांचा पाठ जसाच्या तसा चित्रित करून पाठविणे म्हणजे कंटाळा घरपोच करणे होय. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख प्रेक्षणसत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला, तरी एका बैठकीतील लक्ष साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे आढळले. ते विद्यार्थी बहुतांशी स्वतःहून नाव नोंदविणारे होते. शाळकरी मुलांकडून त्याहून जास्त अपेक्षा धरण्याचे कारण नाही. म्हणून एका व्हिडिओत एकच उपघटक असावा आणि सोबत वहीत लिहायच्या दोन गोष्टी सांगाव्यात: एक आकृती आणि न समजलेला एक प्रश्न. ‘सगळे समजले’ असे लिहिण्याची मुभा देऊ नये.

व्हिडिओ स्वतःच तयार केला पाहिजे, हाही एक गैरसमज आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि दीक्षा या सरकारी ऑनलाइन शैक्षणिक मंचावरील साहित्य उपलब्ध आहे. मात्र ते आधी स्वतः पूर्ण पाहावे, कारण त्यातील उदाहरणे आणि आपल्या तासिकेतील काम जुळलेच पाहिजे.

घरातला एकच फोन

‘ग्रुपवर टाकले आहे’ या वाक्याने शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. अनेक घरांत फोन एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर किंवा आईबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो तेव्हा दोन भावंडे त्याची वाट पाहत असतात. म्हणून आज पाठवून उद्या पाहून या, असे न करता किमान दोन रात्री मध्ये असू द्याव्यात. जवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावता येतात, शाळेच्या संगणक कक्षात मधल्या सुट्टीत पाहण्याची सोय करता येते. आणि व्हिडिओ अपरिहार्य आहे, असे तरी कोणी सांगितले? पाठ्यपुस्तकाची दीड पाने आणि त्यांवर तीन नेमके प्रश्न यांनीही हेच काम होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणारे एरिक मॅझूर १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना वर्गापूर्वी वाचूनच येण्यास सांगत होते.

तासिकेत शिक्षकाने खुर्चीत बसणे

विद्यार्थी गटात काम करीत आहेत, तोवर वह्या तपासून घेऊ, हा मोह आवरावा. फिरणारा शिक्षक नसेल तर गटातील एक हुशार विद्यार्थी उत्तर काढतो आणि इतर ते उतरवून घेतात. मॅझूर यांची रीत येथे उपयोगी पडते. पर्यायांचा एक प्रश्न द्यावा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवावे आणि बोटांनी पर्याय दाखवावा. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तरच शेजाऱ्याशी चर्चा घडवावी. त्याहून कमी असतील तर संकल्पना थोडक्यात पुन्हा समजावून द्यावी, कारण चुकीचे समजलेले दोघे चर्चा करून बरोबर उत्तरावर क्वचितच पोहोचतात. त्याहून जास्त असतील तर पुढे जावे. न पाहिलेल्यांसाठी पुन्हा सगळे शिकविणे आणि हे समजावणे यांत गल्लत करू नये: येथे विद्यार्थी पाहून आलेला आहे, प्रयत्न करून अडलेला आहे.

पालकांना आयत्या वेळी कळविणे

‘सर शिकवत नाहीत, मोबाइल बघायला सांगतात’ ही तक्रार मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहोचण्याआधी पालकसभेत एक तासिका प्रत्यक्ष घेऊन दाखवावी. खासगी क्लासला जाणाऱ्या मुलांचे पालक ‘हे तर क्लासमध्ये झाले आहे’ असे म्हणतील. त्यांच्या मुलाला झाकलेल्या भिंगाचा प्रश्न विचारावा.

सगळे एकदम उलटविणे

पहिल्या सत्रात एका तुकडीचे एक प्रकरण पुरे. गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे किंवा विज्ञानात भिंगे अशी सोडविण्याजोगी उदाहरणे असलेली प्रकरणे प्रथम घ्यावीत. जेथे शिक्षकाचा आवाज, कवितेचे वाचन किंवा समोर घडणारा प्रयोग हाच पाठाचा गाभा असतो, ते पाठ वर्गातच पहिल्यांदा भेटू द्यावेत. प्रकरण संपल्यावर त्याच स्वाध्यायातील उदाहरणांवर नेहमीची घटक चाचणी घ्यावी आणि उत्तरपत्रिकांत ते १२ सेमी अजून किती ठिकाणी दिसते, हे पाहूनच पुढील प्रकरणाचे ठरवावे.