विद्यार्थ्यांच्या उत्खननाचा समारोप कसा करावा

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर काही आठवडे काम केलेल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या दिवसांत आणखी थोडे खोल जाण्याचा मोह होतोच. तो आवरणे हे समारोपाचे पहिले काम आहे. तळ उठवण्याच्या निदान चार-पाच दिवस आधी कुदळ थांबवावी, कारण एकदा खणलेला थर पुन्हा मिळत नाही आणि त्याच्या जागी केवळ आपली नोंद उरते. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव या प्राचीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या मडक्यांत, लहान मुलांची दफने मिळाली होती. असे काही शेवटच्या दिवशी समोर आले, तर ते घाईने उचलण्यापेक्षा मोजमाप आणि छायाचित्र घेऊन, नीट झाकून पुढच्या हंगामासाठी ठेवणेच योग्य.

खोदकाम थांबल्यावर चराच्या उभ्या भिंतींकडे वळावे. भिंत खुरप्याने वरून खाली हलकेच तासावी आणि थर स्पष्ट दिसत नसतील तर तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, म्हणजे राखेचा पट्टा, चोपलेली जमीन आणि पुराची गाळमाती यांच्यातला फरक उठून दिसतो. प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी टोचून, मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून, भिंतीवर सारखा प्रकाश असताना छायाचित्र घ्यावे. अर्धी भिंत उन्हात आणि अर्धी सावलीत असलेले छायाचित्र पुढे फारसे उपयोगी पडत नाही. त्यानंतर आडवी दोरी समपातळीत बांधून, टेप आणि ओळंब्याच्या साहाय्याने आलेख कागदावर भिंतीचे रेखाटन करावे आणि मातीचे रंग मुन्सेलच्या रंगतक्त्याशी (मातीच्या रंगछटांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणित तक्त्याशी) ताडून लिहावेत. हे रेखाटन त्या चरात कधीही काम न केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याला भिंत वाचायला सांगावे. तो जिथे अडखळेल तिथे नोंद अपुरी आहे असे समजावे आणि चर उघडा आहे तोवरच ती पूर्ण करावी. माझ्या मते समारोपाच्या सगळ्या कामांत या तपासणीला पर्याय नाही.

खापरे धुऊन सावलीत वाळवावीत आणि त्यांच्यावर स्थळाचे संक्षिप्त नाव, वर्ष, चर व थर शाईने लिहावा. कोळशाचे नमुने हाताचा स्पर्श टाळून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळावेत. प्रत्येक पिशवीत एक आणि पिशवीबाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या असाव्यात, आणि वस्तूंची नोंदवही व पेट्यांमधील वस्तू दोघांनी मिळून ताडून पाहाव्यात.

चर बुजवणे हे मजुरांवर सोपवून निघून जाण्याचे काम नाही. उघड्या चरात पावसाचे पाणी साचून भिंती ढासळतात, गुरे पडण्याचा धोका असतो, गुप्तधनाच्या अफवेने कोणी रात्री खणू लागते, आणि शेताला खत म्हणून पांढरीची माती नेण्याची जुनी चाल आहेच. म्हणून चराच्या तळाशी पाणी झिरपू देणारे कापड अंथरावे, त्यावर वाळूचा थर द्यावा आणि चालू सालाचे एखादे नाणे टाकावे, म्हणजे पुढे खणणाऱ्याला आपण कुठवर पोहोचलो होतो ते कळेल. वरची सुपीक माती शेवटी पसरावी आणि बांध फुटला असेल तर तो घालून द्यावा. ज्यांच्या शेतात आपण राबलो, त्यांचा नांगर तिथून विनाअडथळा फिरला पाहिजे.

चर बुजवण्याआधीची एक दुपार मात्र गावासाठी राखून ठेवावी. शाळेतली मुले, शेतमालक, रोज घमेली उचलणाऱ्या मावशी आणि त्यांच्या घरची मंडळी यांना चरापाशी बोलावून, काय सापडले आणि त्यावरून काय समजते, हे सोप्या मराठीत सांगावे. मातीचा पोत बदलल्याचे कित्येकदा याच लोकांच्या हाताला आधी जाणवलेले असते, म्हणून त्यांची नावे चराच्या वहीत कामासह लिहावीत आणि अनुभवाचे पत्रही द्यावे, जे पुढच्या उत्खननात त्यांना उपयोगी पडेल. मजुरीचा हिशेब निरोपाच्या जेवणाआधी चुकता करावा. त्या जेवणात वाढण्याचे काम विद्यार्थ्यांनी करावे आणि कामगारांची पंगत पहिली बसवावी. आठवण म्हणून मणी किंवा खापर कोणालाही देऊ नये. एकत्र काढलेले छायाचित्र छापून प्रत्येकाला द्यावे.

विद्यार्थ्यांनी एकमेकांचा निरोप घेण्यापूर्वी वह्या, रेखाटने आणि छायाचित्रांच्या प्रती सही करून प्रमुखांच्या स्वाधीन कराव्यात. एकाच्या फोनमध्ये राहून गेलेली छायाचित्रे सहसा परत येत नाहीत. परवाना देणाऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला द्यायचा अहवाल कोण लिहिणार, हेही तळावरच ठरवावे. सविस्तर ग्रंथाला वेळ लागतो: इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले आणि त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. गावाला इतके थांबायला लावू नये. दोन पानांचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीला आणि शाळेला कोणत्या महिन्यात पोहोचेल, हे सरपंचांना निघण्यापूर्वीच सांगावे आणि तो नेऊन देणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव त्यांच्याकडे लिहून ठेवावे.