उजनीचा हिरवा तवंग उपग्रहातून कसा बघावा

माझं माहेर भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावर. भावाची होडी आहे, चिलापीवर घर चालतं. उन्हाळ्यात पाणी रंग ओतल्यासारखं हिरवं झालं की तो पुण्याला फोन करतो, ‘ताई, वरून बघ गं, कुठवर पसरलंय.’

मी कोपर्निकस ब्राउझर उघडते, म्हणजे युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणारी वेबसाइट. फुकट आहे, फक्त खातं काढावं लागतं. उजनी शोधा, सेंटिनेल-२ एल२ए निवडा (सेंटिनेल-२ हे उपग्रह, एल२ए म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेली चित्रं). साधारण ५ दिवसांनी नवं चित्र येतं. पावसाळ्यात मात्र ढगच दिसतात.

आधी साध्या रंगातलं चित्र डोळे भरून बघा. मग कस्टममध्ये इंडेक्स घ्या; ए च्या जागी बी५, बी च्या जागी बी४ ठेवा (बी४, बी५ म्हणजे उपग्रह वेगवेगळा टिपतो ते प्रकाशाचे पट्टे). दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, एवढंच गणित. शेवाळातलं हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषतं, तो बी४. ७०५ च्या आसपासचा बी५ मात्र पेशींवरून परततो. शेवाळ दाटलं की आकडा चढतो. एकाच आकड्यावर जाऊ नका, त्याच जागेच्या आधीच्या तारखा शेजारी ठेवा. बी५ चा एक ठिपका २० मीटरचा असतो, त्यामुळे काठालगतचे दोन ठिपके सोडून द्या. तिथे पाण्यात जमीन मिसळते.

खरी फसगत जलपर्णी करते. तिचाही आकडा चढतो. फॉल्स कलरमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश लाल रंगात दाखवणाऱ्या चित्रात, ती गडद लाल, काठ रेखीव अशी दिसते. तवंग वाऱ्याच्या दिशेने ओढलेल्या रेघांसारखा. पण दाट तवंगही लालसर दिसतो, म्हणून मी भावाला विचारल्याशिवाय ठरवत नाही. आणि पाणी वेगळं काढायला बी३ (हिरवा) नि बी८ (इन्फ्रारेड) चं गाळण लावत असाल तर जपून: सर्वांत दाट तवंग त्याला जमीन वाटते आणि नेमका तोच गळून जातो.

विष मात्र वरून दिसत नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन पाणी उकळूनही जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहराला त्यापायी नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका असं सांगावं लागलं होतं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. म्हणून सर्वांत गडद ठिपक्याचे अक्षांश-रेखांश मी भावाला पाठवते. तो हातमोजे घालून गडद बाटलीत नमुना भरतो, बर्फात ठेवतो आणि त्याच दिवशी तपासणीला देतो. निकाल येईपर्यंत त्या काठावर आमची गुरं पाण्याला जात नाहीत.