मच्छरदाण्या वाटूनही छावणीत हिवताप? या चुका टाळा

वाटपाच्या दिवशी नोंदवही भरते, सह्या-अंगठे होतात आणि काम झालंसं वाटतं. पंधरा दिवसांनी रात्री तंबूंमधून एक फेरी मारा. काही मच्छरदाण्या अजून पिशवीतच असतील. मोजायचं ते हे: काल रात्री किती माणसं मच्छरदाणीत झोपली.

न टांगण्यामागे बहुतेकदा आळस नसतो. तंबूत खिळा ठोकायला भिंत नसते, आणि चौकोनी मच्छरदाणीला चार कोपरे बांधावे लागतात. अशा जागी एकाच दोरीवर लटकणारी गोल मच्छरदाणी सोयीची पडते. दोरी, काठ्या, आकडे सोबतच द्या आणि पहिली मच्छरदाणी त्या घरातल्या माणसांकडूनच टांगून घ्या. चूल, सामान, झोपणं सगळं एकाच जागेत असतं. म्हणून दिवसा ती गुंडाळून वर कशी बांधायची आणि रात्री कडा चटईखाली कशी खोचायची, हेही दाखवा. मच्छरदाणी टांगायला जागाच नसेल, तर दुसरा मार्ग आहे. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावणीत पांघरायच्या चादरींना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावून पाहिलं, तेव्हा मुलांमधला हिवताप कमी झाला होता.

दुसरी मोठी चूक हिशेबाची. ‘एका कुटुंबाला एक’ असं वाटप करू नका. दोघांमागे एक धरा, म्हणजे पाच जणांना तीन लागतात. अशा विषम संख्येच्या घरांमुळेच खरेदीसाठी लोकसंख्येला 1.8 ने भागतात: 1000 माणसांना सुमारे 556. उद्या येणाऱ्यांसाठी साठा वेगळा ठेवा. कागदपत्रं नाहीत म्हणून कुणाला यादीतून वगळू नका. डास ओळखपत्र पाहत नाही. हिवताप नसलेल्या भागातून आलेल्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते, त्यांना तो फार जड जातो. गरोदर बाया आणि पाच वर्षांखालची मुलंही तशीच जोखमीत.

दुर्गम वस्त्यांवर माल पावसाआधी पोचायला हवा, नंतर वाटा बंद होतात. रात्री जंगलात मुक्काम करणाऱ्यांना घरातल्या मच्छरदाणीचा काय उपयोग? त्यांना झोळीवर, म्हणजे झाडांना बांधून झोपायच्या झोळीवर, लावता येणारी मच्छरदाणी द्या.

या मच्छरदाण्यांना डास मारणारं औषध लावलेलं असतं, म्हणून नवी मच्छरदाणी 24 तास सावलीत पसरून ठेवा, नाहीतर अंग चुणचुणतं आणि लोक ती काढून टाकतात. धुताना साधा साबण, वाळवताना सावली; उन्हात औषध उतरतं. नदीत धुवू नका, मासे मरतात. साधारण 20 धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षं टिकावी अशी ती बनवलेली असते, पण छावणीत काठ्या आणि चुलीच्या ठिणग्यांनी लवकर फाटते. भोक दिसलं की शिवा.

डास मच्छरदाणीवर बसूनही मरत नसतील, तर पायरेथ्रॉइडला, म्हणजे मच्छरदाणीवरच्या नेहमीच्या औषधाला, ते सरावले असण्याची शक्यता आहे. अशा भागांसाठी क्लोरफेनापिर हे दुसरं कीटकनाशक जोडलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. पुढची मागणी नोंदवण्याआधी आरोग्य विभागाकडे तिथल्या डासांची माहिती मागा.

आणि मच्छरदाणीत झोपणाऱ्याला ताप आला, तर ‘हिवताप नसेल’ असं गृहीत धरू नका. संध्याकाळी बाहेर बसतानाही डास चावतो. त्याच दिवशी रक्ततपासणी करा.