ओला दोर दुसऱ्या खाडीत सोडू नका

पाऊस सरून खाडीचं पाणी खारं व्हायला लागलं की शिणाण्यांचं, म्हणजे खायच्या हिरव्या कडेच्या शिंपल्यांचं, बीज दोरावर चढवायची घाई होते. त्या घाईत दरवर्षी एकच चूक होते आणि तिच्यापायी तराफेच्या तराफे वाया गेलेले मी पाहिलेत. दुसऱ्या खाडीतून आणलेले दोर आणि जाळी ओलीच पाण्यात जातात.

दोराची गाठ सोडून बघा. वरून खडखडीत, आत बोट घातलं तर ओल. तिथेच मुगाएवढा काळा शिंपला तंतूंनी घट्ट चिकटलेला सापडतो. हा अमेरिकेतला चारू शिंपला. केरळच्या अष्टमुडी सरोवरात त्याने स्थानिक शिंपल्यांची जागा बळकावली. तिथले मच्छीमार त्याला 'वरत्तन कक्का', म्हणजे परका शिंपला म्हणतात. शिणाण्याची कड हिरवी असते, याला ती सहसा नसते. पाणी जवळपास गोडं झालं तरी हा तग धरतो, म्हणून नुसतं गोड्या पाण्यात बुडवून भागत नाही. शिंपा मिटून बसतो.

गाठी सोडा, मगच दोर उन्हात टाका. दोन आठवडे तरी. हा माझा अंदाज आहे, पण ढगाळ दिवस मी त्यात धरत नाही. घाईच असेल तर गरम पाण्यात बुडवा, पण किती गरम आणि किती वेळ ते मत्स्य विभागाला विचारून ठरवा. गुंडाळी जाड असेल तर आतपर्यंत ऊब पोचली का ते हाताळून बघा. बीजाला मात्र ऊन चालत नाही आणि गरम पाणीही नाही, म्हणून बीज आपल्याच खाडीतलं घ्या.

बाकीची कामं:
- नांगर, तराफ्याचे बांध तपासणे
- दाट बीज विरळ करणे
- होडीचा तळ किनाऱ्यावर खरवडणे, खरवड भरतीरेषेच्या वर पुरणे

मोरचूद किंवा 'खास औषध' विकायला कोणी आलं तर घेऊ नका. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ साली असाच एक परका शिंपला मोरचूद आणि क्लोरीनने संपवला, पण तिथल्या होड्यांच्या गोद्या दरवाजे लावून बंद करता येत होत्या. उघड्या खाडीत औषध ओहोटीबरोबर निघून जातं आणि जाता जाता तुमचीच शिणाणी मारतं.

अनोळखी शिंपला दिसलाच, तर चार-पाच बाटलीत घालून मत्स्य विभागाच्या कार्यालयात दाखवा. ओळख पटेपर्यंत त्या तराफ्यावरचा एकही दोर दुसरीकडे हलवू नका, शेजाऱ्याने मागितला तरी.