बोअरची मोटर ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरवर चालवताय? या चुका टाळा

बोअरच्या पाण्यात बुडालेली सबमर्सिबल मोटर दुपारी बटण दाबताच सुरू होते आणि पहाटे त्याच बटणाला इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. ऑफ-ग्रिड, म्हणजे ग्रिडच्या विजेविना सोलर-बॅटरीवर राहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो : इन्व्हर्टर कमी पडतोय, मोठा घ्या. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मोठा इन्व्हर्टर येतो आणि पहाटेचं रडगाणं तसंच चालू राहतं.

आधी विजेचा हिशेब बघू. १,००० लिटर पाणी ५० मीटर उचलायला निव्वळ ०.१४ युनिट वीज लागते. मोटरमध्ये, पंपात, पाइपात वाया जाणारी धरली तरी ०.३५ ते ०.४ युनिट. म्हणजे रोजच्या पाण्याला लागणारी वीज किरकोळ आहे. सगळी कटकट आहे ती मोटर सुरू होतानाच्या पहिल्या अर्ध्या-एक सेकंदाची, आणि लोक नेमका तोच सेकंद हिशेबात धरत नाहीत.

एचपी गुणिले ७४६ करून इन्व्हर्टर घेणं

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे बरोबर, पण तो आकडा मोटरच्या शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचा. तारेतून ती साधारण १,१०० ते १,२०० वॅट ओढते. २३० व्होल्टवर ७-८ अँपिअर. सुरू होताना याच्या पाच-सहा पट, म्हणजे ४०-४५ अँपिअर. क्षणभरासाठी जवळपास १० केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार) झाले. ‘एक एचपीला दीड केव्हीए पुरे’ म्हणणारा फक्त चालत्या मोटरबद्दल बोलत असतो.

इन्व्हर्टरच्या खोक्यावर ‘सर्ज दुप्पट’, म्हणजे क्षणभर दुप्पट भार पेलतो, असं छापलेलं असतं. किती वेळ दुप्पट, ते शोधा. वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेले इन्व्हर्टर दुप्पट-तिप्पट भार काही सेकंद पेलतात. हलके, ट्रान्सफॉर्मर नसलेले कित्येकदा सेकंद पुरा व्हायच्या आतच हात टेकतात. १ एचपीच्या बोअरसाठी मी ५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरखाली जाणार नाही. आणि तो शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे ग्रिडसारखी गुळगुळीत लहर देणाराच हवा. स्क्वेअर किंवा मॉडिफाइड वेव्हवर मोटर तापते, कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा भाग) लवकर जातो.

बोअरमधली केबल विसरणं

मोटर खाली १०० मीटरवर असेल तर वीज जाऊन येऊन २०० मीटर तारेतून फिरते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तेवढ्या अंतराला साधारण दीड ओहम रोध. चालू मोटरच्या ८ अँपिअरला १२ व्होल्ट पडतात, ते चालून जातं. सुरू होताना ४५ अँपिअरला मात्र ६५-७० व्होल्ट पडतात! वर इन्व्हर्टर २३० देतोय आणि खाली मोटरला मिळतात कसेबसे १६०. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे ताकद उरते निम्मी. अशी मोटर फिरायला वेळ घेते, तेवढा वेळ मोठा करंट वाहत राहतो आणि इन्व्हर्टर कंटाळून बंद पडतो. ४ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर तीच घट ४० व्होल्टवर येते. खर्च एकदाच होतो आणि केबल बदलायला पुन्हा मोटर वर काढावी लागत नाही, म्हणून कंजूषी करायची तर दुसरीकडे करा.

एसीकडे बघत बसणं, डीसीकडे पाठ

आता पहाटेचं कोडं. इन्व्हर्टरपासून मोटरकडची ती एसी बाजू, बॅटरीकडची ती डीसी. २४ व्होल्टच्या बॅटरीवर १ एचपी नुसती चालताना ५५ अँपिअर ओढते, सुरू होताना अडीचशेच्याही पुढे जाते. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा, लग (तारांच्या टोकांचे जोड), फ्यूज, सांधे या सगळ्यांचा मिळून रोध १० मिलीओहम असला, तरी २५० अँपिअरला अडीच व्होल्ट गळाले. दुपारी बॅटरी चार्ज होत असते, व्होल्टेज २७-२८ असतं, पॅनलचाही हातभार असतो. अडीच गेले तरी इन्व्हर्टरला जाणवत नाही. पहाटे बॅटरी २४ च्या आसपास, त्यातून हे अडीच गेले, बॅटरीची स्वतःची घसरण वेगळीच, की ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो ती लो-व्होल्टेज कटऑफची रेषा आलीच.

मी एकदा अशाच तक्रारीवर कंडेन्सर बदलला, मोटरच्या स्टार्टर पॅनलमधला रिले घासून पुसून बसवला, आणि शेवटी सापडला बॅटरीच्या टर्मिनलवरचा बोटांनी फिरणारा नट. तेव्हापासून मी आधी मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) टाकतो आणि मोटर दोनदा सुरू करतो. एकदा प्रोब बॅटरीच्या टर्मिनलवर, एकदा इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर. बॅटरीवर व्होल्टेज टिकतंय आणि इन्व्हर्टरवर पडतंय, तर दोष तारांचा किंवा सांध्यांचा. बॅटरीवरच कोसळतंय, तर बॅटरी थकली आहे किंवा लहान पडतेय. दोन्हीकडे ठीक असूनही ट्रिप होतोय, तरच इन्व्हर्टर आणि पुढची एसी बाजू तपासायची. लिथियम बॅटरीत आणखी एक खूण असते. पहाटे इन्व्हर्टरचा डिस्प्लेसुद्धा विझला तर बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षण सर्किटने, बॅटरी तोडली असं समजा. नवीन उभारणी असेल तर ४८ व्होल्टच घ्या. करंट निम्मा होतो आणि ही निम्मी दुखणी जन्मालाच येत नाहीत.

कंडेन्सर ‘जरा मोठा’ टाकणं

कंडेन्सर कमजोर झाला असेल तर मोजून बदला, पण मोटरला नेमून दिलेल्या मायक्रोफॅरडचाच. मोठ्या रन कंडेन्सरने वाइंडिंग तापतं आणि सर्जही वाढतो.

कुठलाही ड्राइव्ह कुठल्याही मोटरला

ड्राइव्ह (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग ठरवणारं यंत्र) लावला की मोटर हळूहळू वेग घेते आणि सर्ज जवळपास नाहीसा होतो, हे खरं. पण साधा ड्राइव्ह थ्री फेज मोटरसाठी असतो. कंडेन्सरवाली सिंगल फेज मोटर त्याला जोडायची नाही. २३० व्होल्टच्या ड्राइव्हला ४१५ ची मोटर जोडली तर पूर्ण ताकद मिळत नाही, मोटरही २३० व्होल्ट थ्री फेजचीच लागते. आणि वेग ३० हर्ट्झच्या खाली ठेवू नका. सबमर्सिबलचं उभा भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर फिरतं आणि फार कमी वेगात तो थर टिकत नाही. सॉफ्ट स्टार्टर (सुरू होताना व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) लावत असाल तर तीनेक सेकंदांच्या आत पूर्ण व्होल्टेज मिळेल असा सेट करा, नाहीतर मोटर अर्ध्या ताकदीत रखडत तापेल.

प्रेशर स्विचवर मोटर चालू-बंद होत राहणं

नळ उघडला की पाइपातला दाब घटून मोटर सुरू, बंद केला की बंद. ग्रिडच्या विजेवर हे खपून जातं. इन्व्हर्टरवर मात्र प्रत्येक वेळी बॅटरीपासून बोअरपर्यंत सगळ्यांना तोच झटका बसतो. मोटर सुरू झाली की निदान एक मिनिट तरी चालली पाहिजे; तसं होत नसेल तर प्रेशर टाकी लहान आहे किंवा तिच्यातली हवा गेली आहे. त्याहून बरं म्हणजे उंचावर टाकी बांधून टायमरने दुपारी, पॅनल जोरात असताना भरून घेणं. टाकीतलं पाणी हीच तुमची स्वस्तातली बॅटरी.

ड्राय रन, म्हणजे मोटर पाण्याविना चालणं, यापासूनचं संरक्षण मात्र वेगळं लावा. पाणी संपलं की मोटरचा भार कमी होतो आणि इन्व्हर्टरला सगळं आलबेल दिसतं. बोअरमध्ये कोरड्या मोटरचं काय होतंय ते त्याला कळत नाही.

आरसीसीबी लावला म्हणून निश्चिंत होणं

आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच. बऱ्याच ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी केबलचा सांधा पाण्यात भिजून करंट गळू लागला तरी त्याला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी पडत नाही. न्यूट्रल-अर्थ बॉंड (दोघांमधला जोड) एकाच ठिकाणी आणि इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणेच करायचा; काहींमध्ये तो आतच रिलेने होतो, तिथे बाहेरून दुसरा जोडू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणून समाधान मानू नका. ते बटण फेज आणि न्यूट्रलच्या मध्येच करंट फिरवतं; अर्थिंग अजिबात नसलं तरी आरसीसीबी पडेलच.